मागेल तेवढाच श्वास

रंगाऱ्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, आणि उगाच नाही. दिवसभर रिकाम्या खोल्यांत एकटा भिंती रंगवायचा. बोलायला कुणी नाही, मग काय, घरी आला की थोरल्या बहिणीचं डोकं खायचा. लग्न दोघांचंही झालं नव्हतं. "अरे, जरा दम खा की!" असं म्हणत ताई ऐकत बसायची. तिच्याशिवाय त्याला होतं तरी कोण?

ती ताई आता न्यूमोनियानं आयसीयूत पडली होती. इतके दिवस व्हेंटिलेटर घशातल्या नळीतून ठरल्या ठेक्यात हवा आत ढकलायचा, तिला हवी असो वा नसो. आज डॉक्टरीणबाईंनी पद्धत बदलली. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली. ताईचं शरीर श्वास घ्यायला निघालं की नळीला ते कळायचं, स्क्रीनवर लाट उठायची, आणि मशीन ती मागेल तेव्हा, मागेल तेवढाच श्वास द्यायचं.

"ही लाट त्यांची स्वतःची," नर्स म्हणाली. "अशीच टिकली तर घशातली नळी लवकर निघेल."

मग काय विचारता! रेडिओ सुरू झाला. शेजाऱ्यांचं भांडण, शिडीवरून सांडलेला डबा, काय न् काय. लाटा भराभर उंच उठू लागल्या.

"बघा, ऐकतेय!" तो हरखला.

"अहो, दमतायत त्या. जरा गप्प बसा बघू."

बिचारा तोंडाला कुलूप लावून बसला. जन्मात कधी एवढा गप्प बसला नसेल. लाटा खाली आल्या, एकसारख्या झाल्या. मग बारीक झाल्या, लांब लांब पडू लागल्या. आणि एक लाट आलीच नाही. मशीन केकाटलं.

नर्स धावत आली, तिनं ताईचे खांदे हलवले. "दादा, बोला! हाक मारा त्यांना!"

आणि नेमका तेव्हा त्याला शब्द सुचेना. "ताई... ताई गं, मला एकट्याला टाकून जाऊ नकोस," एवढंच कसंबसं निघालं. तेच तेच म्हणत राहिला. रेघ सपाटच.

डॉक्टरीणबाईंनी येऊन तपासलं आणि पूर्वीची पद्धत लावली. छाती पुन्हा ठेक्यात वरखाली होऊ लागली.

"मी गप्प बसलो म्हणून का हो?"

"छे, छे. त्यांचं शरीर सध्या श्वास मागतच नाहीये. वाट बघू."

डॉक्टरीणबाई निघून गेल्या. नर्सनं खुर्ची खाटेजवळ सरकवली.

"आता बोला हवं तेवढं, दादा. त्यांना त्रास नाही व्हायचा."