पिंपाला कान लावणारे अप्पा

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, चिकूची वाइन करायचे आणि तिचा थेंबही कधी जिभेला लावायचे नाहीत. त्यांचे वडील दारूपायी गेले, तेव्हा त्यांनी डहाणूच्या महालक्ष्मीपुढे शपथ घेतली होती. मग हा धंदा कशाला, असं मी लग्न होऊन नरपडला आल्या आल्या विचारलं. म्हणाले, "पिकलेला चिकू कुणासाठी थांबत नाही गं. वाडीत सडताना बघवत नाही."

परवाना काढून त्यांनी वाडीतल्याच शेडमध्ये पिंपं मांडली होती. रस आंबायला लागला की बुडबुड ऐकू यायची. अप्पा पिंपाला कान लावून म्हणायचे, "बोलतंय बघ!" रस आंबतो तशी त्यातली साखर संपत जाते. थोडी उरलेली असतानाच कडक ब्रँडी ओतायची, म्हणजे आंबणं तिथंच थांबतं, गोडी राहते आणि वाइन वर्षानुवर्षं टिकते. "बोलतंय तोवरच ओतायची," अप्पा सांगायचे. "गप्प झाल्यावर काय उपयोग?"

पण नेमकी वेळ कानाला कळत नाही, जिभेलाच कळते. "नितीन, चाख रे!" अशी हाक आली की माझा नवरा शेडकडे जायचा. त्याची जीभ खरंच तल्लख. उंबरगावपासून गिऱ्हाईकं यायची, वाहवा करायची आणि अप्पांची छाती फुगायची. आधी चमचा होता, मग वाटी आली, मग हाक मारायचीही गरज उरली नाही. गप्पा मारून घर डोक्यावर घेणारा माझा नवरा भर दुपारी शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून बसू लागला. अप्पांना दिसत नव्हतं? दिसत होतं हो! "हंगाम संपला की सुटेल," म्हणत राहिले.

एकदा नितीन जेवता जेवता ताटावरच कोसळला. माझा तोल सुटला. पाहुण्यांसमोर ओरडले, "अप्पा, शपथ तुमची आणि जीभ माझ्या नवऱ्याची, हा कुठला न्याय?" दुसऱ्या दिवशी अप्पाच त्याला व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आले.

शेडमध्ये तेव्हा एक पिंप आंबत होतं. अप्पांनी मला बोलावलं, महालक्ष्मीच्या गडाकडे तोंड करून हात जोडले आणि वाइनचा चमचा तोंडात घातला. त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, एवढं छान लागतं हे? आणि मी पोराला म्हणायचो, नुसतं चाख!"

त्या पिंपात ब्रँडी पडलीच नाही. सगळं पाटात ओतलं, परवानाही परत केला. मला त्यांचा राग होता, पण त्या दिवशी त्यांचं तोंड बघवेना.

चैत्रातली ती अप्पांची शेवटची यात्रा. नितीन घरी आला होता. पीत नव्हता, पण बोलतही नव्हता. "शपथ मोडलेल्यानं कुठल्या तोंडानं वर जायचं?" म्हणत अप्पा गडाच्या पायथ्याशीच बसले. वर देवीपुढे नितीननं नारळ ठेवला आणि म्हणाला, "अप्पांची शपथ आता माझी." उतरताना त्याला जणू तोंड फुटलं. केंद्रातली बेचव आमटी, वाडीतली कामं, उन्हात बसलेले अप्पा, काय काय बोलत होता.

खाली येताच अप्पांनी माझा हात धरून हळूच विचारलं, "बोलतोय का गं?"

"मघापासून गप्प बसत नाहीये, अप्पा."

अप्पा उठले, आणि पिंपाला लावायचे तसा नितीनच्या छातीला कान लावून उभे राहिले.