फेटा बांधताना दिसलेल्या माना

वडील बाजारात पोती वाहणारे माथाडी होते. त्यांच्या मानेवर मागे लिंबाएवढी गाठ आहे. आई म्हणायची, “यांच्या घराण्यातच हाय ती.” त्यामुळे लहानपणापासून मी रोज माझी मान चाचपत आलो.

परवा जुईनगरला लग्नात वडील आणि त्यांच्या टोळीतले सहा जण माझ्यापुढच्या रांगेत बसले होते. फेटे बांधायला सगळ्यांनी खांद्यावरचे टॉवेल काढून माना वाकवल्या, आणि मी हादरलो. सात जणांची गावं वेगळी, आडनावं वेगळी, पण गाठ तीच, त्याच जागी. घराणं कसलं, पोती होती ती.

आणि मी मूर्ख, कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो.

फेटेवाला माझ्यापाशी आला. मला माझी गुळगुळीत मान पुढे करवेना.