एकाच काडतुसाचे तीन भाव

नोंद. दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. कर्जत तालुक्यातील म्हशींचे व्यापारी भिमाजी यांनी स्वसंरक्षणासाठी परवान्यावर घेतलेल्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरकरिता दहा काडतुसे मागितली असता, एकाच सरकारी कारखान्याच्या, एकाच बनावटीच्या काडतुसाला तीन विक्रेत्यांनी अनुक्रमे एकशे ऐंशी, एकशे दहा आणि सत्तर रुपये भाव सांगितला. मी सोबत होतो. लेखी तक्रार दिली आहे व तिची पोच मिळाली आहे. पोच देण्याच्या बाबतीत आपली व्यवस्था अत्यंत तत्पर आहे.

भिमाजी माझे शेजारी. दर शुक्रवारी ते घोडेगावच्या बाजारात म्हशी घेऊन जातात आणि संध्याकाळी रोख रक्कम पिशवीत घालून टेम्पोने घरी येतात. त्या बाजारात भाव तोंडाने बोलला जात नाही. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबतात आणि हजारांचा व्यवहार मुक्याने ठरतो. पूर्वी एकदा परतीच्या वाटेवर त्यांना लुटले, तेव्हा पत्नी विमलबाईंनी हट्टच धरला आणि भिमाजींनी शस्त्रपरवाना काढला. हा माणूस सभ्य आहे किंवा कसे, याची खात्री करून घेण्यास शासनाला दोन वर्षे लागली. मागच्या निवडणुकीत शस्त्र नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाले. ते परत आले, काडतुसे मात्र ओल लागून हिरवी पडलेली होती. लोकशाही सुरक्षित राहिली.

म्हणून आम्ही नगरला गेलो. अहिल्यानगर म्हणायला हवे. जिल्ह्याच्या नावाचे फलक बदलायला सर्वांना सवड मिळाली, भावाचा फलक लावायला मात्र अद्याप कोणाला मिळालेली नाही.

पहिल्या दुकानदाराने एकशे ऐंशी सांगितले.

"काका, माल वरून येतच नाही. वर्षातून दोनदा गाडी लागते. परवाने, वाहतूक, पहारा, हा खर्च कशावर चढवू? माझ्या कपाळावरच्या गंधावर?"

इतक्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ आत आले. त्यांना तीच काडतुसे सव्वाशेने मिळाली, वर चहाही. लग्नसराई जवळ आली होती, आणि मांडवात हवेत बार काढण्याची हौस दांडगी असते. मांडवाच्या कापडापासून स्वसंरक्षण करण्याची निकड मी समजू शकतो.

"ह्यास्नी सव्वाशे, अन् मला का वो?" भिमाजींनी विचारले.

"साहेब पेट्या नेतात, काका. तुम्ही दहा नेणार."

भिमाजींनी शांतपणे खांद्यावरचे उपरणे काढले, काउंटरवर पसरले आणि त्याखाली हात सरकवला. "द्या हात, शेठ. तुमचा भाव तुमाला, माझा मला. कुनाला कळायचं न्हाई."

दुकानदार विस्तवावर हात पडावा तसा मागे सरला. "काका, काय करताय! वर कॅमेरा आहे!" त्याला ती लाच वाटली. आपल्याकडे हात लपवून फक्त एकच व्यवहार होतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असावी.

"आवं, आमच्यात भाव असाच करत्यात."

"मग तुमच्या म्हशींचा तरी भाव एक असतो का?"

"दोन म्हशी सारख्या असत्यात व्हय? एक दूध देती, एक लाथ देती. तुमचा माल तर एका साच्यातला हाय."

यावर दुकानदाराने चहाचे कप उचलले.

दुसरी चौकशी शेजारच्या जिल्ह्यात फोनवर केली. भाव एकशे दहा. कारण सरळ होते: तिथे दुकाने जास्त, मालही बरा येतो. "पण परवान्याची हद्द कुठवर आहे?" पलीकडून विचारणा झाली. भिमाजींचा परवाना जिल्ह्यापुरता. हद्द वाढवून आणा, मग या. त्या कामाला किती काळ लागतो हे भिमाजींना ठाऊक होते. स्वस्त काडतूस हद्दीपलीकडे आणि गिऱ्हाईक हद्दीत दावणीला बांधलेले. मी वर्गात वाणिज्य शिकवतो. मागणी-पुरवठ्याचे असे निर्मळ उदाहरण मला पाठ्यपुस्तकात कधी सापडले नाही.

तिसरे दुकान गल्लीत होते. भाव सत्तर. खोका जुना, कोपरे फुगलेले.

"किती सालचा माल हाय?"

"माल चांगला आहे, काका. पडून होता एवढंच."

घोडेगावात म्हैस घेताना गिऱ्हाईक आधी दूध काढून बघते, मग पैसे मोजते. भिमाजी त्याच सवयीने म्हणाले, "एक झाडून दावा की."

"इथं झाडली तर तुमच्यावर गुन्हा, माझ्यावरही."

म्हणजे जनावर पारखून घ्यावे आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते डोळे मिटून घ्यावे, अशी ही तरतूद. मी भिमाजींना अडवले.

"सर, शुक्रवार काय थांबतोय का? मोकळ्या हातानं जाऊ?" असे म्हणून त्यांनी दहा काडतुसे घेतली. बिल मागितले तेव्हा उत्तर मिळाले, "पुस्तक संपलंय."

शुक्रवारी तीन म्हशी विकल्या गेल्या. दिवेलागणीला फाट्याच्या अलीकडे दोन मोटारसायकली टेम्पोला आडव्या आल्या. भिमाजींनी खाली उतरून शस्त्र आभाळाकडे धरले आणि चाप ओढला. खट्. पुन्हा ओढला. पुन्हा खट्.

"बाबा, नातवाचं खेळनं आनलंय व्हय?" एक जण हसला. मग काठी उजव्या हातावर बसली. पिशवी गेली.

आता भिमाजींची तीन बोटे प्लास्टरमध्ये आहेत. उपरण्याखाली जो हात भाव बोलायचा, तोच मुका झाला आहे. चोरटे सापडलेले नाहीत. भिमाजी मात्र तत्काळ सापडले: सार्वजनिक रस्त्यावर शस्त्र रोखल्याबद्दल परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस त्यांना घरपोच मिळाली आहे. मी ती काडतुसे घेऊन गल्लीतल्या दुकानात गेलो. तेव्हा फलक लावायला कोणाला सवड नाही, हा आरोप मला मागे घ्यावा लागला. त्या दुकानात फलक आहे. त्यावर लिहिले आहे: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

विमलबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि नवऱ्याच्या हाताकडे पाहत म्हणाल्या, "बंदूक न्हवती तवा निदान हात तरी धड हुता."

मी चहा घेतला. घरी येऊन एक अर्ज लिहिला.

वाचकहो, सहानुभूती नको आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे, त्यांनी काडतुसाला किती पैसे दिले, कधी दिले, माल किती जुना होता आणि बिल मिळाले का, एवढे मला लेखी कळवा. ज्यांच्या घरी शस्त्र नाही, त्यांनी दुकानात भाव आणि मालाचे साल लावणे सक्तीचे करावे, या अर्जावर सही करा. अर्ज माझ्या घरी आहे. या आणि सही करा.