गोदूच्या तक्त्यातली एकतीस तारीख

सरळच सांगते, मला गोदूचा हेवा वाटतो. तिच्याविषयी लिहायचं तर एवढं आधी कबूल केलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारी उगाच खुसपटं काढतेय.

गोदू आमच्या शाळेत लेखनिक होती. मी गणित आणि भूगोल शिकवायची, ती ऑफिसात टंकलेखन करायची. मिठागरात राबणाऱ्या घरातली मुलगी, पेणकडून लग्न होऊन चौलला आली आणि नवरा लवकर गेल्यावर त्याच्या जागेवर शाळेत लागली. टंकलेखनाची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली. हे मी मुद्दाम सांगतेय.

रेवदंड्याच्या खाडीकाठी घराघरांत भिंतीवर भरतीचा तक्ता लटकायचा, तो सव्वीस वर्षं माझा होता. हिशोब आमच्याकडे सगळ्यांनाच येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण ती उघड्या समुद्राची. खाडीत पाणी आत चढायला आणखी वेळ घेतं. किती, ते मी धक्क्यावर घड्याळ घेऊन उभी राहून टिपलं. सात वह्या भरल्या. गोदू काय करायची, तर माझ्या तक्त्याचं स्टेन्सिल कापायची आणि सायक्लोस्टाइलवर फिरवायची. तळाला माझं नाव असायचं. तिचं घालावं असं कधी माझ्या मनात आलं नाही, आणि तिनंही कधी म्हटलं नाही.

पुढे मी निवृत्त झाले, मोतीबिंदू झाला, आकडे डोळ्यांपुढे नाचायला लागले आणि तक्ता बंद पडला. वह्या मी गोदूला देऊन टाकल्या. तिथेच माझं चुकलं.

शाळेनं मोडीत काढलेला एक संगणक तिनं घरी आणला. त्यावर ते फुकट मिळणारं लिनक्स घातलं आणि साठी ओलांडल्यावर ही बाई शिकायला बसली. मदतीची पानंच्या पानं छापून काढायची, पेन्सिलीनं खुणा करत वाचायची. बाजारातल्या डीटीपीवाल्यांसारखी ती माउसनं ओढाओढी करत नाही. साधा मजकूर लिहिते आणि मधे मधे उलटी तिरकी रेघ देऊन आज्ञा सोडते: हा रकाना एवढा, ही ओळ पानाच्या तळाशी. मग लाटेक नावाचा प्रोग्रॅम चालवला की पान तयार. आकडे एकाखाली एक, जोडाक्षरं जिथल्या तिथे. अमावास्या-पौर्णिमा ठळक कर असं तिनं एकदा एका जागी लिहिलं आणि बाराही महिन्यांत त्या ठळक झाल्या. मी सव्वीस वर्षं प्रत्येक प्रतीवर लाल पेन्सिलीनं त्यांच्याखाली एकेक रेघ ओढली होती.

आता कुणी म्हणेल, फोनवर वेळा दिसतात की. दिसतात, पण त्या मुंबई बंदराच्या, आणि मासळीच्या ओल्या हातानं फोन कोण उघडणार? बंदराच्या छापील वेळांत माझ्या वह्यांतली मिनिटं मिळवून गोदूनं तक्ता पुन्हा सुरू केला. कोळीवाड्यातल्या सोसायटीनं दीडशे प्रती मागितल्या. देवळात ती आली की बायका सरकून तिला जागा देतात. मला विचारतात, बाई, गुडघे कसे आहेत.

गेल्या डिसेंबरात ती कच्ची प्रत घेऊन आली. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापत नाही, म्हणाली. ती गेल्यावर मी आधी पानाचा तळ बघितला. माझं नाव नव्हतं. बाराही पानं उलटली, कुठेच नव्हतं. मग तपासायला बसले, चूक शोधायलाच, खोटं कशाला बोलू? जानेवारी तीसवर संपत होता. मार्च तीसवर. मे तीसवर. सातही मोठ्या महिन्यांची एकतीस तारीख गायब. मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रत तिच्या हातात दिली आणि म्हटलं, छान आहे.

दीडशे प्रती छापून झाल्या, वाटून झाल्या. मी वाट बघत होते, कुणाच्या लक्षात येतंय.

जानेवारीच्या एकोणतीस तारखेला ठमाबाई कोळीण दारात आली. तिनं पाटी उतरवली, कंबरेवर हात ठेवला.

"बाई, परवा खडपावर कालवांना जायाचं हाय आमाला. गोदूच्या कागदावर परवाचा दिवसच न्हाय. दर्याला सुट्टी हाय काय त्या दिशी?"

मला हसू आलं. आतून गार वाटलं, अगदी थंड ताक प्यायल्यासारखं. मग विचारलं, तुम्ही काय ठरवलंत. ती म्हणाली, ठरवायचं काय, कागद आल्यापासून तिथी कोण मोजतंय, पुढच्या पानावरची पहिली ओळ धरली, पाचही जणींनी.

म्हणजे निदान पाऊण तास उशीर. ओहोटी संपून पाणी परतायला लागलेलं, आणि ह्या पाच जणी खडपाच्या, त्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांच्या, टोकाला ओणव्या, पाठ समुद्राकडे. हसू जागच्या जागी विरलं. चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा, खडप उघड्या समुद्रावर म्हणून खाडीची मिनिटं नाहीत, म्हणजे ओहोटी दुपारी पावणेपाचला. हे मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, बाकीच्या चौघींना आत्ताच जाऊन सांग म्हटलं. आणि चपला घालून गोदूकडे गेले.

वाटेत मी ठरवलं होतं, तिला नीट ऐकवायचं: यंत्राच्या भरवशावर राहिलीस, कागदावर बोट ठेवून मोजलं नाहीस. ऐकवलं. गोदूनं तक्ता घेतला, मोजला, संगणकावर पान उघडलं. पडद्यावर एकतीस तारीख होती. मग ती प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शिरली. तिथे कागद अमेरिकेतला धरला होता, आपल्या ए-फोरपेक्षा जेमतेम पाऊण इंच आखूड. नवा प्रिंटर जोडताना ते तसंच राहून गेलं होतं. पान पूर्ण होतं, पण प्रिंटरच्या लेखी कागद वरच संपत होता.

तिनं एक शब्द बदलला आणि जानेवारी पुन्हा छापला. एकतीस तारीख आली. तिच्याखाली, तळाला, बारीक अक्षरात आणखी एक ओळ आली: खाडीतली मिनिटं कुमुदबाईंच्या वह्यांवरून.

मी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

गोदू म्हणाली, "बाई, कच्ची प्रत तुम्ही तपासली होतीत ना?"

"तपासली होती. दिसलं होतं. बोलले नाही."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती कीबोर्डकडे वळली, सात महिन्यांच्या सात ओळी एका पानावर मांडल्या, प्रत्येकीखाली माझ्या नावाची ओळ ठेवून. मी म्हटलं, ते नाव काढ.

"वह्या तुमच्या आहेत. नाव राहील," ती म्हणाली. "कात्री घ्या. परवाच्या आत दीडशे घरं व्हायची आहेत."

बाकीच्या पाच महिन्यांच्या तळाशी कापल्या गेलेल्या माझ्या ओळीचं काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनं खळ शिजवली, मी पट्ट्या कापल्या. दोन दिवस आम्ही कोळीवाड्यात दारोदार फिरलो. चूक कुणाची, असं कुणी विचारलं की गोदू म्हणायची, प्रिंटरची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

ठमाबाईच्या घरची पट्टी मी चिकटवली. ती तिरकी बसली. शेजारच्या घरी गोदूनं चिकटवली, ती छापून आल्यासारखी सरळ.