सिमेंटच्या झाडाखालची जागा

कुठेही बसण्याआधी भाऊ खाली वाकून चिमूटभर माती उचलत आणि हवेत सोडत. ती कुठल्या बाजूला उडते ते बघत, मान हलवत आणि मगच बूड टेकवत. जंगलात हे ठीक आहे. आपला वास जनावराकडे जाऊ नये म्हणून वारा बघावाच लागतो. पण हे गृहस्थ लग्नाच्या मांडवातही तेच करायचे. चिमूरच्या एका लग्नात नवरदेवाच्या बापाने त्यांना माती उचलताना पाहिलं, आणि हा माणूस काही करणी-बिरणी तर करत नाही ना, या शंकेने तो बिचारा हवालदिल झाला. भाऊ शांतपणे मांडवाच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसले, मला शेजारी बसवलं. पाच मिनिटांत गरम बुंदीचा वास थेट आमच्या नाकात. वाढपी बाहेर पडले ते आमच्याच बाजूने.

"आधी बसाची जागा पाहा, मंग तमाशा," असं ते म्हणत. दिवसातून चारदा तरी म्हणत.

ते आमच्या वन परिक्षेत्र कार्यालयात गार्ड होते आणि मी तिथला बाबू. वयाने मोठे, म्हणून सगळेच त्यांना भाऊ म्हणत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल बघा, ज्याला प्रत्येक इमारतीतली सगळ्यात चांगली जागा ठाऊक असते आणि जो तिच्यासाठी कुणाशी भांडत नाही. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय चीज आहे ते चंद्रपूरकरांना सांगायला नको. एकुलता एक कूलर साहेबांच्या खोलीत. भाऊ मात्र जुन्या फायलींच्या खोलीच्या मागच्या दाराशी बादली उपडी घालून बसत. मी पुष्कळ चेष्टा केली. मग एका दुपारी स्वतः बसून पाहिलं, तर दोन भिंतींच्या मधून अशी गार झुळूक की पेंग यावी. हे साहेबांना कळलं आणि आठवड्याभरात साहेबांची खुर्ची तिथे आली. भाऊंनी बादली उचलली आणि दुसरीकडे निघाले.

"भाऊ, काई बोलत काऊन नाई तुमी?" मी चिडून विचारलं.

"साहेबाले बी जागा पायजे न," ते म्हणाले. माझा पारा चढला होता, त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

त्यांची खरी विद्या मात्र उन्हाळ्यातल्या प्राणी गणनेत दिसे. जंगलातलं पाणी आटलं की उरलेल्या पाणवठ्यांवर मचाण बांधतात आणि गार्ड लोक तिथे दिवसरात्र बसून पाण्यावर कोण कोण आलं ते लिहून ठेवतात. भाऊंच्या कागदावर रानडुक्कर नुसतं रानडुक्कर नसे. "एक कान फाटलेलं, मागच्या पायानं लंगडते, रागीट" असं सगळं असे. मी तो शेरा टंकायला नकार देत असे. घरी मात्र त्याला मोल होतं. वहिनी दाराशीच पाणी घेऊन उभ्या राहत आणि भाऊंनी चपला काढायच्या आत विचारत, "सांगा, कोण कोण आलं?" मग भाऊ तास-तासभर सांगत आणि त्या ऐकत. घरच्यांना मचाणावर नेता येत नसे. तीस वर्षं वहिनींनी "मले बी न्या" म्हटलं आणि तीस वर्षं भाऊंना नाही म्हणावं लागलं.

भाऊ निवृत्त झाले त्याच वर्षी वहिनींना काचबिंदू निघाला. नजर बाजूंनी मिटत आली होती. पाईपातून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, आजूबाजूला काहीच नाही. गेलेलं परत येत नाही, आणि राहिलेलंही थेंब घालून फार दिवस टिकेल असं नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. नेमकी तेव्हाच आमच्या ऑफिसने सहकुटुंब सहल ठरवली. तेलंगणातलं एक भलंमोठं थीम पार्क, तिथल्याच रिसॉर्टात तीन दिवस मुक्काम. असलं काही आमच्यापैकी कुणी टीव्हीखेरीज पाहिलेलं नव्हतं. यादीत पहिलं नाव भाऊंचं होतं. ज्यांना नागपूरची गर्दी सोसत नाही ते थीम पार्कात जाणार म्हटल्यावर मी विचारलंच.

"तिले एक डाव सारं पाहू देतो, बाबू," ते म्हणाले. "मंग नाई दिसलं तरी डोस्क्यात राहीन."

सहलीचं वेळापत्रक मी केलं होतं. दोन पानी, टंकलेलं. कोणता पाळणा किती वाजता, घसरगुंडीला किती मिनिटं, लघवीला कधी. माझ्या बायकोने बस वरोऱ्याच्या बाहेर पडायच्या आत त्यातलं दुसरं पान फाडून त्यात शेंगदाणे बांधले. तरी मी हिंमत सोडली नाही.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. फाटकातून आत शिरलो तर चहूबाजूंनी माणसांचा लोंढा. वहिनींना समोरचं दिसे, पण बाजूने कोण येतंय ते कळेना. या खांद्याला धक्का, त्या खांद्याला धक्का. शेवटी आइस्क्रीम घेऊन चाललेल्या एका माणसाला त्यांचा कोपर लागला. त्याचा शर्ट माखला. तो ओरडला, "दिखता नहीं क्या?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या, "नाई दिसत."

तो माणूस ओशाळून निघून गेला. थोड्या वेळाने वहिनी भाऊंना म्हणाल्या, "उद्या मी खोलीतच राहीन. तुमी पाहून या अन् मले सांगा. नेहमीसारखं."

भाऊंचा चेहरा इतका पडलेला मी कधीच पाहिला नव्हता. त्यांनी वहिनींना माझ्या बायकोच्या हवाली केलं आणि म्हणाले, "तुमी व्हा समोर." आणि पार गायब झाले. वेळापत्रकाप्रमाणे पाच वाजता सगळ्यांचा एकत्र फोटो होता. भाऊंशिवाय झाला. मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोललो. जेवणाच्या वेळी ते उगवले. चपला धुळीने माखलेल्या, धोतराला कुसळं.

"कुठी होते, भाऊ?"

"बीट फिरून आलो," ते म्हणाले.

गार्डाला नेमून दिलेला जंगलाचा तुकडा म्हणजे त्याची बीट. या माणसाने ते अख्खं पार्क बीट समजून पालथं घातलं होतं. कुंपणाच्या कडेने, स्वयंपाकघराच्या मागून, पाण्याचा उतार बघत बघत. माझ्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीने नकाशा काढला. त्यात एकही पाळणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायचं काही कारण नव्हतं. पण सकाळी सव्वानऊला, वेळापत्रकानुसार, मी तीनदा उलटं करणाऱ्या एका गाडीत बसलो आणि सकाळचे पोहे तिथेच सोडून उतरलो. त्यानंतर मला जमिनीवर, न हलणाऱ्या गोष्टींजवळ राहायचं होतं. म्हणून मी निमूट त्या दोघांच्या मागे चाललो.

आधी भाऊंनी आम्हाला छोट्या आगगाडीत बसवलं. तिच्यातून सगळे दुसऱ्या थांब्यावर उतरतात, कारण तिथे राजवाडा आहे. आम्ही उतरलो नाही. रिकामी गाडी मग मागच्या बांबूंमधून एक लांब वळसा घेते. तिथे गर्दी नाही, गोंगाट नाही, आणि दोरीवर ओळीने ससे वाळत घातलेले. पाहुण्यांशी हात मिळवत फिरणाऱ्या सशांचे आणि अस्वलांचे ते पोशाख. वहिनी खिडकीतून टक लावून बघत राहिल्या. "सशाचं धुणं पाह्यलं मी," त्या म्हणाल्या. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच हसल्या.

पुढची जागा त्या पोशाखांच्या पत्र्याच्या शेडमागची. तिथे बाकावर एक अस्वल मुंडकं काढून चहा पीत बसलं होतं. आत चाळिशीची एक बाई, घामाने निथळलेली. आमचं बोलणं कानावर पडताच तिने मराठीत विचारलं, "कुठल्या गावचे?" ती निघाली तेलंगणाला लागून असलेल्या आपल्या सिरोंच्याची. अस्वलाचं मुंडकं बाकावरून उचलून वहिनींना जागा करून देत म्हणाली, "कूर्चोंडी अम्मा, बसा." वहिनींनी ते मुंडकं मांडीवर घेऊन कानापासून नाकापर्यंत निवांत पाहिलं.

"यात गरम होते का वं?" त्यांनी विचारलं.

"लई. पण लेकरं मिठी मारते न," ती बाई म्हणाली. आम्ही तिचा चहा संपेपर्यंत बसलो.

आणि मग ती जागा. खाण्याच्या हॉटेलांच्या आणि पाळण्यांच्या मधोमध एक प्रचंड वडाचं झाड आहे, सिमेंटचं. खाली गोल ओटा, समोर दहा पावलांवर पिण्याच्या थंड पाण्याचे नळ. कुणी तिथे बसत नाही, कारण तिथून एकही पाळणा दिसत नाही. भाऊंनी बुंध्यावर बोटाने टकटक केलं.

"साल खोटी आहे, सावली खरी आहे," ते म्हणाले. वहिनींना त्यांनी ओट्यावर अशा बेताने बसवलं की नळ बरोबर नाकासमोर यावेत. स्वतः त्यांच्या डाव्या अंगाला बसले. "हे पाह. तिन्ही रस्ते इथीच उतरते. पाण्याले आल्याबिगर कोणी राहत नाई. त्याईले येऊ दे. आपण काऊन फिराचं?"

मला तेव्हा कुठे उमगलं. वहिनींच्या नजरेत जेवढी खिडकी उरली होती तेवढ्यात ते नळ मावत होते. आता धक्का लागायची भीती नाही, मान वळवायची गरज नाही. अख्खं पार्क एकेक करून त्यांच्यासमोर येणार होतं.

आणि आलं. आधी एक गलेलठ्ठ माणूस, ओल्या चड्डीत, घरातल्या सगळ्यांच्या पिशव्या गळ्यात अडकवून. "हा हत्ती नोंदवा," भाऊ म्हणाले. मग नवं लग्न झालेलं जोडपं, रुसलेलं. दोघं दोन टोकांच्या नळांवर पाणी प्यायले आणि न बोलता निघून गेले. पाऊण तासाने परत आले तेव्हा दोघांत एकच बाटली होती. वहिनींनी मांडीवर थाप मारली. एक म्हातारी टोपीतून पाणी पीत होती. एक बाप्या कुणी बघत नाही असं समजून पॅन्टचा पट्टा दोन भोकं सैल करत होता. पार्कात आम्ही पैसे देऊन बघायला गेलो होतो ते एकही यंत्र तिथून दिसत नव्हतं आणि मी अर्ध्या तासासाठी टेकलो तो दीड तास हललो नाही. शेवटी ऑफिसच्या मंडळींनी मला शोधून काढलं आणि भुताच्या घरात नेलं. तिथलं एकही भूत मला आता आठवत नाही.

तुम्ही पहिल्यांदा असल्या ठिकाणी जाणार असाल तर पाळणे झाल्यावर पाण्याचे नळ शोधा. हे मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. लोक हसतात.

मागच्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन भाऊ गेले. फार त्रास झाला नाही. मला झाला. ऑफिसात कुठल्याच खुर्चीवर धड बसवत नाही आणि कुणाला सांगताही येत नाही. वहिनी भद्रावतीला लेकीकडे राहायला गेल्या. उन्हाळा लागता लागता मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांची ती उरलेली खिडकीही मिटली होती. उजेड-अंधार तेवढा कळे.

मी टेकताच त्यांनीच पार्कची गोष्ट सुरू केली. हत्ती, टोपीवाली म्हातारी, रुसलेलं जोडपं, सगळं क्रमाने. मी नव्हतो तेव्हा आलेलीही कितीतरी माणसं. शर्टांचे रंग, कुणाच्या चपलेचा कुठला अंगठा तुटलेला, सारं शाबूत होतं. बोलता बोलता मध्येच थांबल्या.

"बाबू, एक विचारू? खरं सांगजा."

"विचारा न, वैनी."

"त्या दिवशी मी सारं पाह्यलं. पण हे बाजूले बसून होते न. माया नजरेत हेच नाई आले. कसा होता जी त्याईचा चेहरा?"

एक छानसं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. दिवसभर ते तुमच्याकडेच बघत होते, असं म्हणालो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं. पण त्यांनी खरं सांग म्हटलं होतं.

"चार वाजता मी चहा घेऊन आलो होतो," मी म्हणालो. "भाऊ झोपले होते. त्या खोट्या बुंध्याले टेकून. तोंड उघडं."

"झोपले होते?"

"गाढ. घोरून राह्यले होते."

"मंग माया संगं बोलत कोण होतं?"

"तुमीच सांगून राह्यल्या होत्या, वैनी, आता हा आला, आता ते आले. ते झोपेतच हूं हूं करत होते."

वहिनी पदर तोंडाला लावून खुदखुदल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "तीस वर्षं मले सांगे हा माणूस, मचाणावर आपला डोळा लागतच नाई म्हणे."

हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग काहीतरी ध्यानात आल्यासारखा त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे दुपारपासून मचाणावर मी एकटीच होती," त्या म्हणाल्या. पदर नीट केला, पाठ ताठ केली, आणि आतल्या लेकीला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.