बकरीच्या खणात पदवीधर

आमच्या घरात हातमाग सोडून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, हे आजही छाती पुढे काढून सांगतो. सत्तरच्या दशकात वनखात्यात लागलो. काम काय, तर गावात शिरणारा बिबट्या पिंजऱ्यात धरायचा आणि लांब जंगलात नेऊन सोडायचा. वडील सगळ्या मोहल्ल्याला सांगत, "पोरगा साहेब झाला." साहेबाच्या अंगाला बकऱ्यांचा वास येई, त्याबद्दल ते बोलत नसत.

उमरेड रस्त्यावरच्या एका गावात बिबट्या कुत्री उचलू लागला. आम्ही पिंजरा लावला. पुढचा खण बिबट्याचा, मागचा बकरीचा, मधे लोखंडी जाळी. बकरी ओरडली तरच बिबट्या येतो. आमची सरकारी बकरी मात्र आत निवांत रवंथ करत बसली. गावात सगळ्यात मोठा गळा एका म्हातारीच्या बकरीचा होता. वाटीनं दूध पाजून वाढवलेली. म्हातारीच्या घरात या बकरीशिवाय दुसरा जीव नव्हता. ती मागायला मी म्हातारीच्या दारात गेलो, मागोमाग गावही आलं.

"मावशी, तिले काही होत नाही. मधात जाळी आहे."

"तुले काय माहीत गा?"

"मी बी.एस्सी. आहो."

"बिबट्याले सांगतलं का हे?"

गाव हसलं. मग ती म्हणाली, "तूच बस आत. पाहू दे मले."

बसलो. शिक्षणाच्या इभ्रतीचा प्रश्न होता. आमचा वनरक्षक पुढच्या खणात शिरून बिबट्या झाला. धडका दिल्या, गुरगुरला, गरजेपेक्षा जास्तच गुरगुरला. जाळी जागची हलली नाही. पण त्या हादऱ्यांनी माझ्या मागच्या दाराची कडी वाकून बसली. लोहाराला बोलावणं गेलं. तोवर पोरं मला बाभळीचा पाला दाखवत होती.

म्हातारीनं दार दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग गावाकडे वळून म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, याले निघता येऊन नाही राहिलं. बिबट्या काय घुसते! घेऊन जा माही बकरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबट्या पुढच्या खणात होता. मागच्या खणात बकरी धडधाकट, फक्त ओरडून गळा बसलेला. म्हातारीनं तिला बाहेर काढलं, कान, पाय, पोट चाचपलं आणि तिथंच पिंजऱ्याशेजारी बसून दूध काढायला घेतलं.

बिबट्या गुरगुरला.

"चूप बस गा," ती मान न वळवता म्हणाली. "तुह्यासाठी नाही हे."