यांच्या वस्तऱ्याची धार

मला यांचा चेहरा परत हवा होता, बाकी काही नाही. हात हलेल तेव्हा हलेल, चालतील तेव्हा चालतील, पण त्या पांढऱ्या दाढीच्या जंगलातून माझा नवरा मला बाहेर काढायचा होता.

हे, म्हणजे माझे मिस्टर, अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. जन्मात कधी सलूनमध्ये दाढीला बसले नाहीत. स्वतःचा उघडमिटीचा वस्तरा, स्वतःचा दगड. मी लग्न होऊन बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या या घरात आले तेव्हापासून रविवार सकाळचा कार्यक्रम ठरलेला. गॅलरीत पाट, पाटावर ओला दगड आणि दगडावर वस्तरा. मी आत ओट्याशी असायची आणि बाहेरून आवाज यायचा, सर्र, सर्र, लांबलचक. शेवटाला मनगट वळलं की जरा आखूड. "अहो, झालं का तुमचं? पोहे गार झाले!" असं मी ओरडायचं आणि "आलो आलो" म्हणत यांनी आणखी घासत बसायचं. कटकट वाटायची मला, खरं सांगते. आता रविवार उजाडला की घर नुसतं खायला उठतं.

गेल्या वर्षी यांना पॅरॅलिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली. बोलणंही जड झालं, दोन-तीन शब्दांपलीकडे गाडी जात नाही. आणि दाढी वाढत गेली. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला घरी बोलावलं. भला माणूस, नवं पातं घालून तयार झाला, तर यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुन्हा एकदा बोलावला, तर डाव्या हाताने त्याचं मनगटच धरलं. तो बिचारा म्हणाला, "काकी, बाबांना आपला हात नाही चालत." मी म्हटलं, "हात नाही रे, तुझं ते पातं चालत नाही." माझी खात्रीच होती. फेकून द्यायच्या पात्याला हे आयुष्यभर नाकं मुरडत आले, ते आता मान तुकवतील होय? म्हटलं ठीक आहे, तुमच्याच वस्तऱ्याने करते, मग तर झालं?

कपाटातून वस्तरा काढला तर पार बोथट. यांच्या पुतण्याला फोन केला. तो चाळिशीचा, अंबरनाथ पूर्वेला राहतो, यांच्याच हाताखाली शिकून मशिनवर लागलेला. त्याने दगड खिडकीशी नेला, त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली. पट्टीखालून उजेड दिसला.

"काकू, दगड गेला. मधे खड्डा पडलाय. त्यापेक्षा फिल्म घ्या."

फिल्म म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद, त्यावर डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक खरखर. काचेवर पाण्याने चिकटवायची आणि वस्तरा वरून फिरवायचा. "दगडाला हात बसायला वर्षं जातात. ही कुणालाही जमते. टेन्शनच नाही," तो म्हणाला.

मला पटलं. या वयात मी कुठे कारागीर व्हायला निघाले होते! त्याने सांगितलेल्या पॉलिशच्या सामानाच्या दुकानात उल्हासनगरला गेले. मालक वस्तऱ्याचं नाव ऐकून हसायलाच लागला. "अरे दीदी, अब वो कौन घिसता है? ब्लेडवाला ले जाओ."

"मेरे मिस्टर को नहीं चलता."

"साहब को समझाओ, जमाना बदल गया."

"तुमही आके समझाओ," म्हटलं. तेव्हा कुठे गप बसला आणि आतून फिल्म काढून दिली.

काच टेबलावर मांडली, फिल्म चिकटवली, वस्तरा फिरवला. काही आवाज नाही, काही नाही. हे पलंगावरून बघत होते. "राहू दे," म्हणाले. म्हटलं, "तुम्ही गप बसा हो, मला कसले कष्ट होतायत?"

धार आली. मनगटावरचे केस मधल्या भागाने सपासप उतरले. पण दोन्ही टोकं ढिम्म! कितीही घासा, टोकं आपली जागची हलायला तयार नाहीत. पुतण्याला परत फोन. तो म्हणाला, धारेवर मार्करची रेघ ओढा आणि मग फिरवा. फिरवलं. रेघ मधेच पुसली, कडेला तशीच राहिली.

"तरीच!" तो म्हणाला. "काकांनी त्या खड्ड्याच्या दगडावर घासून घासून वस्तऱ्याला पोट आणलंय. काच सपाट, त्यामुळे पोट तेवढंच टेकतं. ते घासून काढा, मग वस्तरा सरळ होईल."

घासून काढा म्हणे! इतक्या वर्षांचं यांच्या मनगटाचं वळण होतं ते. दगड झिजला तो वस्तऱ्याने आणि वस्तरा झिजला तो दगडाने, आता एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नव्हतं. तुम्ही म्हणाल, बाई फिरून नवरा-बायकोवर आली. येऊ दे की. पुतण्याचं काही चुकलं नव्हतं, फिल्मही चांगलीच होती, पण मला ते पोट घासवेना. मी काच उचलून ठेवली आणि गॅलरीत पाट मांडून त्यावर यांचाच दगड ठेवला.

पहिल्यांदा नुसती खर्र खर्र. शिकवणार कोण? ज्यांनी शिकवायचं ते आत पडलेले. मग मी बघणं सोडलं आणि ऐकायला लागले. आवाज तर मला पाठ होता ना! लांब, लांब, आणि शेवटाला आखूड. तो यावा म्हणून हात कधी हलका केला, कधी कोपर वर घेतलं. किती रविवार गेले कोण जाणे. एके दिवशी मनगट आपसूक वळलं आणि सर्रकन तोच आवाज आला. वस्तरा तसाच हातात धरून मी ढसाढसा रडले. आत वळून पाहिलं तर यांचेही डोळे भरलेले. मला वाटलं, आनंदाने.

टोकांनीही केस उतरायला लागले. मग खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा बांधून त्यावर वस्तरा फिरवला, पाणी तापवलं, यांना उशीला टेकवून बसवलं. "राहू दे ना," हे पुन्हा म्हणाले.

"मग एवढी धार काय भाजी चिरायला लावली?" म्हटलं आणि साबण फासला.

आधी कात्रीने दाढी उतरवली होती. डाव्या गालावर वस्तरा टेकवला आणि अगं बाई, काय सुरेख चालला! जबडा दिसला, कानाखालची ती घट्ट रेघ दिसली. आले, माझे हे आले! मी उजवीकडे वळले तर यांनी माझं मनगट धरलं.

"ओढतंय का?"

मान हलवली, नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग हात सोडला.

उजवा गाल मोकळा झाला तसा तो खाली ओघळलेला दिसला. ओठाचा कोपरा लोंबत होता. अटॅक आला त्या दिवशी तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं होतं; डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सुधारेल. पुढे दाढीत ते दिसेनासं झालं आणि मी धरून चालले की सुधारलं. हे मात्र, मी तोंड धुवायला धरून नेलं की, बेसिनच्या आरशात रोज बघत होते. पात्याचं, हाताचं, कशाचंच काही नव्हतं.

"म्हणून दाढी करू देत नव्हतात?"

यांनी मान डोलावली. मग शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "तुला... आवडायचा ना... चेहरा."

आवडायचाच. तोच हवा होता मला, अजून हवाय. यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं, ते मी हनुवटी धरून माझ्याकडे फिरवलं. ओठाखालचे केस राहिले होते. तिथली कातडी ताणल्याशिवाय वस्तरा चालत नाही, म्हणून एका बोटाने तो कोपरा वर उचलून धरला. ओठ जागेवर आला. मी केस काढले, साबण पुसला. बोट काढलं की तो परत खाली येणार होता. मी बोट काढलं नाही.